क्षयाची औषधे आणि आपले काळीज



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी किमान वेतनावर बोलेन, फार तर हमालीच्या दरावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो क्षयरोगाच्या औषधांचा आणि यकृताचा. त्यांतील एका गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "या विषयाला डॉक्टर बरे नाहीत का?" मी म्हटले, डॉक्टरांना अवश्य बोलवा, मीही ऐकायला पुढच्या रांगेत बसेन. पण औषध देणाऱ्याची बाजू निराळी आणि घेणाऱ्याची निराळी. घेणाऱ्याच्या बाजूनेही कोणी तरी उभे राहिले पाहिजे.

मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते जिनिंगच्या फाटकाशी, मोंढ्यातल्या हमालांबरोबर आणि सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर. युनियनचा माणूस आजारी पडला की त्याच्याबरोबर दवाखान्यात जाणे हे युनियनचेच काम, असे मी समजतो. तिथे तासन् तास बसावे लागते. बसल्या बसल्या औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद उलगडून वाचण्याची मला सवय लागली. अडलेला शब्द कोशात पाहायचा, कोशातही अडला तर डॉक्टरांना विचारायचा. तीस वर्षे हा अभ्यास चालू आहे. त्यातून जेवढे पक्के कळले तेवढेच आज आपणांपुढे ठेवतो.

सांगायचे आहे ते थोडक्यात असे. जे औषध माणसाला क्षयातून वाचवते, तेच औषध काही थोड्या लोकांच्या यकृताला इजा करते. ही इजा बहुधा वेळेवर ओळखता येते, आणि ओळखली तर बहुधा भरून येते. तरीही आपल्याकडे माणसे त्यात दगावतात. शास्त्राला हे ठाऊक नाही म्हणून ती दगावत नाहीत. ज्याला ठाऊक असायला हवे त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी रक्त तपासून घ्यायला लागणारा एक दिवस त्याच्यापाशी नसतो, म्हणून ती दगावतात.

प्रथम यकृताची ओळख करून घेऊ. आपण बोलताना 'काळीज तुटले', 'काळजाला घर पडले' असे म्हणतो आणि हात छातीवर डावीकडे ठेवतो. पण काळीज म्हणजे मूळचे यकृतच. खाटकाकडे आपण 'कलेजी' मागतो ती याचीच. ते असते उजवीकडे, बरगड्यांच्या खाली. मोठ्या माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. खाल्लेले अन्न आतड्यातून रक्तात उतरले की ते रक्त आधी यकृताकडे जाते. तिथे साखरेचा साठा होतो, रक्त गोठवणारी द्रव्ये तयार होतात, पित्त तयार होते, आणि शरीरात आलेली परकी द्रव्ये मोडून बाहेर टाकण्याजोगी केली जातात. दारू तिथेच मोडते, डोकेदुखीची गोळी तिथेच मोडते आणि क्षयाची औषधेही तिथेच मोडतात. मोंढ्यात आलेले प्रत्येक पोते काट्यावरून गेल्याशिवाय पुढे जात नाही, तसेच हे.

आता औषधांकडे वळू. अमेरिकेत १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयाच्या जंतूवर खरोखर चालणारे ते पहिले प्रतिजैविक. त्याचा त्रास कानाला आणि मूत्रपिंडाला होई. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. काटेकोर बोलायचे तर ते प्रतिजैविक नव्हे, प्रयोगशाळेत बनवलेले रसायन आहे. पण काम तेच करते आणि अतिशय स्वस्त पडते. पुढे पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल आणि १९६० नंतरच्या काळात रिफाम्पिसिन आले. आज साध्या क्षयाचा उपचार ६ महिन्यांचा आहे. पहिले २ महिने ही चार औषधे रोज, नंतरचे ४ महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. या चारांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला त्रास देऊ शकतात. चौथे इथॅम्ब्युटॉल यकृताच्या वाटेला सहसा जात नाही. त्याच्याबाबत नजरेवर लक्ष ठेवावे लागते.

ही औषधे येण्यापूर्वी आणि नंतरही काही वर्षे क्षयरोगी म्हणजे आरोग्यधामात खाट धरून पडलेला माणूस. मुंबईत शिवडी, आपल्याकडे दक्षिणेला मिरज, ही नावे त्याच आजाराशी जोडलेली. खाट कमी, रोगी उदंड. तेव्हा १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतले रोगी घेतले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना घरीच ठेवून तीच औषधे वर्षभर दिली. घरी राहिलेल्यांना अन्न अपुरे, जागा अपुरी, विश्रांती नाही. असे असूनही दोन्हीकडचा गुण जवळजवळ सारखाच आला. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाचा उपचार खाटेवरून उतरून घरात आला. गरिबांवर या प्रयोगाचे फार मोठे उपकार आहेत. नाही तर आमच्या हमालाला सहा महिने खाट कोण देणार होते?

पण त्यात एक गोष्ट निसटली. आरोग्यधामात रोज सकाळी परिचारिका येई. ती जेवण गेले का विचारी, उलटी झाली का विचारी, डोळे पाही. उपचार घरी आला तेव्हा गोळ्या बरोबर आल्या, परिचारिकेची नजर मात्र मागे राहिली. ती नजर आता घरातल्या माणसाने घ्यायला हवी होती. त्याला ती शिकवली गेली नाही. आजच्या माझ्या भाषणाचा सगळा खटाटोप ती नजर घराघरात पोहोचावी एवढ्यासाठी आहे.

इजा होते ती कशी? आयसोनियाझिड यकृतात मोडताना मधल्या टप्प्यावर काही विषारी द्रव्ये तयार होतात. यकृत ती पुढे निर्धोक करून टाकते. हे काम काही माणसांचे यकृत झपाट्याने करते, काहींचे सावकाश. हा फरक जन्मजात आहे, आईबापांकडून आलेला आहे. आपल्या देशात सावकाश काम करणारे निम्म्याहून कमी नसावेत. अशा माणसात ती विषारी द्रव्ये अधिक साचतात. रिफाम्पिसिन यकृताच्या यंत्राची गती वाढवते, आणि पायराझिनामाइडचा स्वतःचा भार असतो. तिन्ही एकत्र आली की काही जणांच्या यकृतपेशी फुटू लागतात. किती जणांच्या? निरनिराळ्या पाहण्यांत शंभरी २ पासून २८ पर्यंत आकडे आले आहेत. म्हणजे बहुसंख्य लोकांना काहीही होत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी एक आपल्या देशातला आहे, तेव्हा शंभरातले थोडे म्हटले तरी माणसे पुष्कळ होतात.

कोणाला धोका अधिक, हेही अभ्यासाने कळलेले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९९६ मध्ये आपली पाहणी प्रसिद्ध केली. तीत वाढते वय, दारू, फार पसरलेला क्षय आणि रक्तातले कमी झालेले प्रथिन, म्हणजे साध्या भाषेत उपासमार, ही कारणे पुढे आली. आधीपासून हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर धोका आणखी वाढतो. ही यादी वाचली तेव्हा माझ्यासमोर आमचीच माणसे उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेला, अर्धपोटी, थकवा घालवायला संध्याकाळी घोट घेणारा आणि खोकल्याकडे तीन महिने दुर्लक्ष केलेला हमाल.

देशपातळीवर पाहा. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून २०१० मध्ये ३१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे औषधाने यकृत बिघडलेले रुग्ण. त्यांतील ५८ टक्के क्षयाच्या औषधांचे होते, आणि एकंदर रुग्णांपैकी १७ टक्क्यांहून थोडे अधिक दगावले. पुढे २०२१ मध्ये देशातल्या अनेक मोठ्या रुग्णालयांचा मिळून १,२८८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही क्षयाची औषधे ४६ टक्के, म्हणजे पहिल्याच क्रमांकावर. श्रीमंत देशांत या यादीत दुसरी औषधे वर असतात. आपल्याकडे क्षय अधिक, म्हणून त्याचे औषधही अधिक, म्हणून त्याची इजाही अधिक.

आता मुख्य मुद्दा. संप करण्यापूर्वी आम्ही मालकाला नोटीस देतो. नोटीस वाचून बोलणी केली तर पुष्कळदा संप टळतो. यकृतही बहुधा नोटीस देते. कावीळ हा संप झाला. नोटीस त्याच्या आधी येते. ती अशी: जेवणावरची वासना उडते. आवडीचा पदार्थही नकोसा होतो. मळमळते, उलट्या होतात. न सोसणारा थकवा येतो, पाय उचलत नाहीत. उजव्या बरगडीखाली दुखते, जड वाटते. अंगाला खाज सुटते. आणि हे बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत घडते, जेव्हा चारही औषधे चालू असतात.

यावर कोणी म्हणेल, मळमळ तर या गोळ्यांनी पुष्कळांना होते, मग प्रत्येकाने घाबरायचे का? घाबरायचे नाही, तपासायचे. रक्ताची साधी तपासणी आहे. तिच्या कागदावर 'एसजीपीटी' असे लिहिलेले असते. यकृताची पेशी फुटली की तिच्यातले हे द्रव्य रक्तात उतरते. निरोगी माणसात ते साधारण ४० पर्यंत असते. त्रास होत असेल आणि हा आकडा नेहमीच्या तिपटीवर, म्हणजे १२० च्या वर गेला, तर डॉक्टर औषधे थांबवतात. त्रास काहीच नसेल तरीही आकडा पाचपटीवर, २०० च्या वर गेला, तर थांबवतात. डोळे पिवळे झाले तर तत्काळ थांबवतात. हा आकडा मी आमच्या फलकावर खडूने लिहून ठेवला आहे. ज्या माणसाला हजेरीपत्रकातला एका दिवसाचा घोळ कळतो, त्याला ४० आणि २०० यांतला फरक न कळायला काय झाले?

एक खूण मात्र नीट समजून घ्या, कारण इथे भले भले चकतात. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. घामाला, डोळ्यांतल्या पाण्याला रंग येतो. हे औषधाचे नेहमीचे लक्षण आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण याच ज्ञानाने दुसरा घोटाळा होतो. कावीळ होऊन लघवी काळपट पिवळी झाली तरी माणूस म्हणतो, "गोळ्यांचाच रंग हाय, दवाखान्यात सांगितलंय मला." तेव्हा या काळात लघवीवर विसंबू नका. डोळे पाहा. सकाळी, उजेडात, खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहा. नेहमीच्या मात्रेतल्या गोळीने तो पिवळा होत नाही. तो पिवळा दिसला तर ती कावीळ समजा. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात हे कळत नाही, म्हणून उजेडात पाहायचे.

तीन माणसांची हकीकत सांगतो. तिघे आमच्याच युनियनचे. नावे सांगत नाही.

पहिला मोंढ्यातला हमाल. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी सांगितले, "गोळ्या लई गरम पडल्या तुला, ताक पी अन् बंद कर." त्याने बंद केल्या. आठ दिवसांत जेवण जाऊ लागले, अंगात बळ आले. सल्ला बरोबर ठरला असे सगळ्यांना वाटले. चार महिन्यांनी खोकल्यातून रक्त आले आणि त्याच्या लहान मुलीलाही क्षय निघाला. दोघांचा उपचार नव्याने सुरू करावा लागला. दोघे वाचले, पण त्या वर्षात घरातले होते नव्हते ते गेले.

दुसरा जिनिंगमधला. अतिशय शिस्तीचा माणूस. गोळी एक दिवसही चुकवायची नाही असे त्याला बजावले होते आणि त्याने ते काळजावर कोरून ठेवले होते. जेवण तुटले तरी गोळी तुटली नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा तो म्हणाला, कोर्स पुरा झाला की काविळीचे पाहू. हंगाम भरात होता. एक दिवसाची सुटी मागितली तर ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊच नकोस. त्याला दवाखान्यात नेले तेव्हा तो भ्रमिष्टासारखा बोलत होता. तो परत आला नाही. यकृत थकले की ते विष मेंदूवर जाते, हे मला तेव्हा कळले.

तिसरी एक बाई, सरकी उचलण्याच्या कामावरची. पाचव्या आठवड्यात तिला अन्नाचा वास सहन होईना. तिला खुणा माहीत होत्या. तिने त्या दिवशीची गोळी हातात धरली, ती न घेता थेट दवाखाना गाठला आणि गोळी टेबलावर ठेवून विचारले, "ही घेऊ का नको, तुम्हीच सांगा." एसजीपीटी ४०० च्या वर होते. औषधे थांबवली. काही आठवड्यांनी आकडा उतरल्यावर ती एकेक करून पुन्हा सुरू केली. आज ती धडधाकट आहे आणि नव्या रोग्याला खुणा तीच समजावून सांगते.

पहिला आणि दुसरा हे दोघे आडमुठे नव्हते. पहिल्याने शेजाऱ्याचे ऐकले, दुसऱ्याने दवाखान्याचे ऐकले. दोघांनाही अर्धीच गोष्ट सांगितली गेली होती. पुरी गोष्ट अशी आहे: त्रास नसताना गोळी एक दिवसही चुकवू नका, नोटिशीच्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि डोळे पिवळे झाले असतील किंवा उलट्या थांबत नसतील, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरला गाठा. थांबवायचे ते डॉक्टरच्या नजरेखाली, आणि सुरू करायचे तेही त्याच्याच नजरेखाली. थांबवल्यावर परत सुरू होतात, हे फार महत्त्वाचे आहे. क्षय जोरात असेल तर मधल्या काळात यकृतावर भार न टाकणारी दुसरी औषधे देतात. मग आधी रिफाम्पिसिन, नंतर आयसोनियाझिड, अशी एकेक टाकून रक्त तपासत जातात. पायराझिनामाइड पुष्कळदा वगळतात. बहुतेकांचा उपचार असा पुरा होतो. यकृत हे आपल्या शरीरातले विलक्षण अवयव आहे; इजा थांबली की ते स्वतःला पुन्हा भरून काढते. मात्र कावीळ होईपर्यंत वाट पाहिली तर हिशेब बिघडतो. हायमन झिमरमन नावाच्या अमेरिकन वैद्यकाने दाखवून दिले की, औषधाने यकृतपेशी फुटून कावीळ झालेल्या रुग्णांत दहातला एक जवळपास दगावतो. कावीळ होण्याच्या आधी जागे व्हायचे ते यासाठी.

कावीळ म्हटली की आपल्याकडे पाय आपोआप जडीबुटीकडे वळतात. कोणी कानात रस घालतो, कोणी डोक्यावर माळ ठेवतो, कोणी पुडी देतो. या माणसांवर राग धरून उपयोग नाही. जिथे डॉक्टर तालुक्याला आणि जडीबुटीवाला गावात, तिथे लोक गावातच जाणार. पण समजून घ्या. विषाणूची कावीळ पुष्कळदा आपली आपण बरी होते, त्याचे श्रेय पुडीला मिळते. औषधाची कावीळ औषध चालू ठेवले तर आपली आपण बरी होईलच असे नाही. मुळावरचा घाव चालूच राहतो. शिवाय पुडी निर्धोक असते हाही भ्रम आहे. मी सांगितलेल्या २०२१ च्या अभ्यासात जवळजवळ १४ टक्के रुग्ण अशाच इतर उपचारांमुळे यकृत बिघडलेले होते. मुंबईत करोनाच्या साथीत, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, गुळवेलीचे सेवन करणाऱ्या ६ जणांना यकृताची इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदवले गेले. झाडपाल्याची सरसकट निंदा मला करायची नाही. क्षयाची औषधे चालू असताना यकृतावर आणखी ओझे टाकू नका, एवढेच म्हणणे आहे. दारू तर नकोच. आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाने चणेफुटाण्यासारख्या खाऊ नका. तिचेही ओझे तिथेच पडते.

सभागृहात बसलेल्या ज्यांच्या घरी क्षय नाही, त्यांना वाटेल की हा विषय आपला नव्हे. त्यांच्यासाठी दोन शब्द. सर्दी-खोकल्याला, दाढदुखीला सर्रास दिले जाणारे एक प्रतिजैविक आहे, ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांचे मिश्रण. अमेरिका-युरोपात यकृताला इजा करणाऱ्या औषधांत त्याचा क्रमांक वरचा आहे. आइसलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते घेणाऱ्या सुमारे २,३५० जणांमागे एकाला ही इजा आढळली. म्हणजे प्रमाण थोडेच. पण त्याची एक खोड अशी की, गोळ्या संपून काही आठवडे झाल्यावरही कावीळ उमटू शकते, आणि वयस्कर पुरुषांत अधिक. तोवर माणूस गोळ्या विसरलेला असतो. म्हणून कावीळ झाली तर गेल्या दोन-तीन महिन्यांत काय काय घेतले ते सारे डॉक्टरला सांगा. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणू नका. क्षयाची औषधे आणि काही वरच्या दर्जाची प्रतिजैविके २०१४ पासून 'एच-१' या अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ३ वर्षे ठेवायची, असा नियम आहे. नियम पुस्तकात आहे, त्याला दुकानात आणणे गिऱ्हाइकाच्याही हातात आहे.

नोटीस वाचायला शिकवले तर काय फरक पडतो याचा पुरावा अमेरिकेच्या राजधानीत मिळतो. वॉशिंग्टनला १९७० मध्ये सरकारी नोकरांत क्षय आढळला म्हणून खबरदारी म्हणून २,३२१ निरोगी लोकांना आयसोनियाझिड दिले. त्यांतील १९ जणांना यकृताचा विकार झाला, १३ जणांना कावीळ झाली, २ मरण पावले. क्षय नसलेली माणसे क्षयाच्या औषधाने मेली. त्यावर त्यांनी औषध टाकून दिले नाही. घेणाऱ्याला खुणा सांगायच्या, वेळोवेळी विचारपूस करायची, वयस्करांकडे अधिक लक्ष द्यायचे, असा शिरस्ता त्यातून पडला. आज आपल्याकडेही क्षयरुग्णाच्या घरातल्या निरोगी माणसांना प्रतिबंधक गोळ्या देतात. ते योग्यच आहे. पण तिथेही गोळीबरोबर खुणा दिल्या पाहिजेत.

आता शेवटचा भाग, जो माझ्या धंद्याचा आहे. खुणा कळल्या, पण दवाखान्यात जायचे कोणत्या दिवशी? जिनिंगचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम दोन्ही दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. गंगाखेड, सोनपेठ, जिंतूरकडची जोडपी उचल घेऊन कोयत्याला जातात. तिथे एक दिवस कामावर आले नाही तर खाडा धरतात, त्याचे पैसे कापतात. रक्ताची तपासणी फुकट असली तरी खाडा फुकट नसतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत क्षयाच्या रोग्याला सरासरी मजुरीच्या ८० टक्के भत्ता २ वर्षांपर्यंत मिळण्याची सोय आहे. फार चांगली सोय आहे. पण १९४८ च्या त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग, प्रेसिंग आणि साखर ही नावानिशी लिहिलेली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच राहिला. म्हणजे मानवत, सेलू, परभणीच्या जिनिंगमधल्या माणसाच्या फुप्फुसाला हंगाम नसतो, त्याच्या विम्याला मात्र असतो.

म्हणून आमच्या मागण्या लहान आहेत. क्षयाचा उपचार घेणाऱ्या प्रत्येक कामगाराला पहिल्या दोन महिन्यांत तपासणीसाठी पगारी दोन दिवस मिळावेत. त्याचा खाडा धरू नये. ज्यांचे वय अधिक, जे दारू पितात, ज्यांना पोटभर मिळत नाही, त्यांचे रक्त उपचार सुरू होतानाच एकदा तपासावे. औषधाच्या पहिल्या पाकिटाबरोबर मराठीत एक पान द्यावे, त्यावर मघाच्या खुणा मोठ्या अक्षरांत असाव्यात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्या वाचून दाखवाव्यात. हंगामी कारखान्यांना विम्यात घ्यावे. यांपैकी पहिली मागणी मान्य करायला कायद्याचीही गरज नाही. या सभागृहात बसलेले दोन-चार कारखानदार आणि अडते उद्या सकाळी ती मान्य करू शकतात.

रोग्यांनाही सांगतो. उपचाराची नोंद निक्षय या सरकारी प्रणालीत होते आणि तो क्रमांक देशात कुठेही चालतो. कोयत्याला जाताना तो क्रमांक बरोबर न्या, जिथे तळ पडेल तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. चौकशीसाठी १८००-११-६६६६ हा फुकटचा फोन आहे. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून मंजूर आहेत, ते मागून घ्या आणि पोटात घाला; रिकाम्या पोटाच्या माणसाला ही औषधे अधिक जड जातात, हे मघाशी सांगितलेच. औषधाने त्रास झाला तर तो १८००-१८०-३०२४ वर कळवता येतो. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून कळवा. ज्या दुखण्याची नोंद नाही ते दुखणे सरकारदरबारी झालेलेच नसते, हे युनियनवाल्याला कोणी सांगायला नको.

मघापासून मी औषधाच्या दोषांविषयी बोलतो आहे. घरी जाताना कोणी असे समजू नये की क्षयाची औषधे घातक आहेत. क्षय घातक आहे. ही औषधे नव्हती तेव्हा आमच्यासारख्यांच्या वस्तीत क्षय झालेल्या घराचे दार लोक चुकवून जात. त्या दाराआडच्या माणसाला या गोळ्यांनी पुन्हा कामावर उभे केले. गोळी घ्या, पुरी घ्या, आणि ती घेणाऱ्याच्या डोळ्यांकडे रोज सकाळी कोणी तरी उजेडात पाहत चला.